मानववंशाच्या अभ्यासक इरावतीबाई कर्वे

पूर्वीच्या ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, इरावती नावाची एक विशाल नदी वाहते. त्या देशातील मिंजान या गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी गणेश हरि करमरकर यांच्या घरी एक कन्या जन्मास आली. करमरकर तेथे कापसाच्या एका कंपनीत नोकरीस होते. नदीच्या नावावरून त्यांनी मुलीचे नाव इरावती असे ठेवले.

सातव्या वर्षी इरावतीला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठविण्यात आले. पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी राहू लागली. त्या ग्रंथसंपन्न घरात तिला वाचनाची व निर्भयपणे विचार करण्याची गोडी लागली. १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तिने तत्त्वज्ञान विषयाची पदवी मिळविली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी तिचा विवाह झाला. १९२८ साली डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी संपादन करून इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेल्या. त्या काळी स्त्रीने एकटीने सातासमुद्रापलीकडे जाणे अनेकांस रुचत नसे. परंतु पती त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले.

बर्लिन येथील मानवशास्त्र संस्थेत यूजीन फिशर नावाचे नामांकित प्राध्यापक त्यांचे गुरू होते. मनुष्याच्या कवटीच्या डाव्या व उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. फिशर यांचा असा तर्क होता की, गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत हा फरक अधिक असावा आणि तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह असावा. हा तर्क पडताळून पाहण्याचे काम त्यांनी इरावतीबाईंवर सोपविले. बाईंनी निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या काळजीपूर्वक मोजल्या. मापांचे आकडे गुरूंच्या मतास अनुकूल नव्हते. कवटीच्या असमानतेचा वंशाशी काही संबंध त्यांत दिसेना.

आता काय करावे? देश परका आणि पदवी देणे गुरूंच्या हाती. गुरूंना हवे तसे लिहिले असते, तर त्यांची मर्जी सहज संपादन करता आली असती. परंतु इरावतीबाईंनी आकड्यांशी प्रतारणा केली नाही. जे दिसले, तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. त्यांना पदवी मिळाली, पण अगदी खालच्या श्रेणीची. पुढे १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. वंशश्रेष्ठत्वाच्या असल्या कल्पनांचाच आधार घेऊन त्या राजवटीने लक्षावधी निरपराध माणसांचे प्राण घेतले. तेव्हा त्या प्रबंधातील सरळ सत्याचे मोल किती होते, हे ध्यानात येते.

स्वदेशी परतल्यावर १९३९ साली इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत दाखल झाल्या. मापनाची साधने घेऊन त्या गावोगावी हिंडल्या. भारतातील असंख्य जाती आल्या कोठून, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. एका मोठ्या जातीचे तुकडे पडत पडत पोटजाती झाल्या, असे अनेक विद्वानांचे मत होते.

हा प्रश्न समजण्यासाठी वंशवृक्ष कसा वाचावा हे माहीत हवे. शेंड्यावरची दोन पाने शेजारी दिसली, म्हणून ती जवळची ठरत नाहीत. प्रत्येक पानाच्या फांदीने मागे खोडाकडे यावे. दोन फांद्या जेथे एकत्र मिळतात, ते बेचके म्हणजे त्यांचा समान पूर्वज होय. बेचके जितके अलीकडचे, तितके नाते जवळचे. सख्ख्या भावंडांचे बेचके आईबापांपाशी, तर चुलत भावंडांचे आजीआजोबांपाशी असते. सर्व प्राणिमात्रांचा वृक्ष असाच वाचतात. चिंपांझी हा मनुष्याचा पूर्वज नव्हे. दोघांच्या फांद्या फार प्राचीन काळी एका बेचक्यातून फुटल्या, इतकेच.

महाराष्ट्रात मोठे चाक वापरणारे थोरचाके आणि लहान चाक वापरणारे लहानचाके असे कुंभारांचे वेगवेगळे गट होते. धंदा एक, नावही एक. पण त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता. मग त्या एकाच झाडाच्या फांद्या होत्या, की शेजारी उगवलेली वेगळी झाडे? मापांवरून व चालीरीतींवरून इरावतीबाईंनी असे प्रतिपादन केले की, असे अनेक गट मुळात वेगळेच असून केवळ समान धंद्यामुळे एका नावाखाली आले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू समाजावरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी हा विचार मांडला.

गट वेगळे राहिले म्हणजे त्यांचे गुणही वेगळे का राहतात? याचे उत्तर १९०८ साली हार्डी हे इंग्रज गणिती व वाइनबर्ग हे जर्मन वैद्य यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या नियमात आहे. प्रत्येक अपत्याला जनुकांच्या जोडीतील एक जनुक आईकडून व एक बापाकडून मिळतो. समजा, एका मोठ्या समाजात एका गुणाचे निम्मे जनुक एका प्रकारचे व निम्मे दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्या गुणाकडे न पाहता सर्वांचे आपसांत विवाह झाले, तर दर ४०० मुलांत सुमारे १०० जणांत दोन्ही जनुक पहिल्या प्रकारचे, १०० जणांत दोन्ही दुसऱ्या प्रकारचे व २०० जणांत एकेक असे असतात. हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसेच टिकते. बाहेरून माणसे आली, एखाद्या जनुकाचे लोक अधिक जगले किंवा समाज अगदी लहान असला, तर ते बदलते. विवाहाची कुंपणे घातली की एका तळ्याची अनेक डबकी होतात व प्रत्येक डबक्याचे प्रमाण निराळे होऊ लागते.

१९६८ साली डॉ. कैलास मल्होत्रा यांच्यासह इरावतीबाईंनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ गटांची तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक दर्जा एकच असूनही रक्तगट व शरीराची मापे यांत त्यांना भेद आढळले. यावरून समान नाव व समान दर्जा म्हणजे समान वंश नव्हे, हे दिसून आले.

भेद मोजणाऱ्या या विदुषीला माणसामाणसांतील दुरावा मात्र सोसत नसे. त्या पंढरीच्या वारीत पायी चालल्या. एका दिंडीत मुखाने एकच नाम घेणारे वारकरी जातीनुसार वेगळ्या पंक्तींना बसलेले पाहून त्यांना फार वाईट वाटले. हे सारे त्यांनी आपल्या ललित लेखनात प्रांजळपणे नमूद केले आहे. महाभारतातील व्यक्तींवरील त्यांच्या युगान्त या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

आज शास्त्रज्ञ कवट्या मोजून नव्हे, तर जनुके वाचून वंशांचा शोध घेतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांचा मोठा संकर झाला. विवाहाची कुंपणे त्यानंतर घट्ट झाली. म्हणजे माणसांच्या वंशाच्या फांद्या केवळ फुटत नाहीत, त्या पुन्हा एकमेकींत मिसळतातही. इरावतीबाईंची साधने आता जुनी झाली असतील. परंतु मापे जे सांगतील तेच लिहावे, मग ते गुरूला रुचो वा न रुचो, हा त्यांचा बाणा आजही प्रत्येक अभ्यासकाने अंगी बाणवावा असाच आहे.