कार्डिनल कॉन्तारिनी : श्रद्धा आणि सत्कर्मे

आपले तारण श्रद्धेने होते की सत्कर्मांनी? या प्रश्नाने व्हेनिसच्या गास्पारो कॉन्तारिनी यांना तरुणपणीच ग्रासले होते. त्यांचा जन्म १४८३ सालचा, घराणे सरदारांचे. १५१० मध्ये त्यांचा जिवलग मित्र मठात गेला. कठोर तपश्चर्या करूनही आपल्या पापांची भरपाई होईल, असे त्या मित्राला वाटेना. मग जगात राहणाऱ्या आपले काय होणार, या विचाराने कॉन्तारिनी खचले.

१५११ च्या पवित्र शनिवारी त्यांनी पापनिवेदन केले. त्या दिवशी त्यांना उमगले, की आपले देणे आपल्याने कधीच फिटणारे नाही; ते ख्रिस्ताने क्रुसावर फेडले आहे. आपण श्रद्धा, आशा व प्रीतीने त्याला बिलगायचे. मन शांत झाले, पण हात थांबले नाहीत. राजदूत म्हणून ते देशासाठी झटले. १५३५ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी या प्रापंचिकाला कार्डिनल केले.

१५४१ साली जर्मनीत रेगेन्सबुर्ग येथे कॅथलिक व प्रोटेस्टंट पंडितांची बोलणी झाली. तारणाच्या प्रश्नावर एकमत झाले. पण तो मसुदा ना ल्यूथरला पटला, ना रोमला. ख्रिस्तप्रसादाच्या विषयावर बोलणी फिसकटली. पुढच्याच वर्षी कॉन्तारिनी बोलोन्या येथे देवाघरी गेले.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आऊग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा व लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या : तारण कृपेने, आणि तीच कृपा आपल्याकडून सत्कर्मे करवून घेते.

झाड फळांमुळे जगत नाही. जिवंत असते म्हणून फळते. या आठवड्यात आपल्या श्रद्धेचे एखादे फळ शेजाऱ्याच्या हाती पडो.