आबे फारिया आणि मार्सेलिस नगर



ज्युबिलीच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असा परिपाठ आहे. संतांची चरित्रे आपण पुष्कळ वाचली व ऐकली. ह्या खेपेस, जे संत म्हणून कधी गणले गेले नाहीत, उलट ज्यांच्या नावावर थट्टा आणि संशय यांचेच पुट अधिक चढले, अशा एका पुरोहिताची हकीगत सादर करावी असे मनात आले. हे पुरोहित आपल्या शेजारच्या गोमंतकातले. त्यांचे नाव जुझे कुश्तोदियो द फारिया. फ्रेंच लोक धर्मगुरूस आबे म्हणतात, म्हणून जग त्यांस आबे फारिया या नावाने ओळखते.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास एक लहानसे निमित्त झाले. काही वर्षांपूर्वी लूर्दच्या पवित्र मातेचे दर्शन घेऊन परतताना फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेलिस या बंदरात आमचा दोन दिवस मुक्काम झाला. माळशिरससारख्या, पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखात आयुष्य काढणाऱ्या माणसास समुद्राचे अप्रूप असणारच; परंतु मार्सेलिसचे अप्रूप केवळ पाण्याचे नव्हे. ख्रिस्तजन्मापूर्वी सुमारे 600 वर्षे ग्रीक दर्यावर्दी लोकांनी हे नगर वसविले. प्रभू येशूने कबरेतून उठविलेला लाझरस येथे येऊन पहिला बिशप झाला अशी तेथील भाविकांची जुनी परंपरा आहे. पाचव्या शतकात योहान कासियान यांनी स्थापिलेल्या संत व्हिक्टर मठाचे मंदिर अद्याप उभे आहे. टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द हे 1864 साली अभिषिक्त झालेले महामंदिर असून त्याच्या शिखरावर सोनेरी मुलाम्याची मरीयामाता बाळ येशूस घेऊन समुद्राकडे पाहते. आत खलाशांनी नवस फेडण्यासाठी टांगलेली लहान लहान जहाजे पाहून आम्हांस वांद्र्याच्या मोतमाउलीची आठवण झाली. मराठी माणसास तर ह्या बंदराचे आणखी एक स्मरण आहे. 1910 सालच्या जुलै महिन्याच्या 8 तारखेस स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी घेतली ती येथेच.

जुन्या बंदरातून नाव निघते ती थोड्याच वेळात इफ नावाच्या खडकाळ बेटास लागते. तेथे राजा पहिला फ्रान्सिस याने सोळाव्या शतकात बांधविलेला किल्ला आहे. पुढे त्याचा तुरुंग झाला. आत एका अंधाऱ्या कोठडीवर आबे फारिया हे नाव लिहिलेले असून शेजारच्या कोठडीत जाण्यासाठी भिंतीला भगदाडही दाखवितात. आमच्या बरोबरचे यात्रेकरू हळहळले. वस्तुस्थिती अशी आहे की ते भगदाड कादंबरीतले आहे. अलेक्झांदर द्युमा या फ्रेंच कादंबरीकाराने 1844 पासून काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो ही कथा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तीत फारिया नावाचा एक इटालियन विद्वान पुरोहित या कोठडीत खितपत पडतो, शेजारच्या तरुण कैद्यास विद्या शिकवितो, गुप्त धनाचा ठाव सांगतो आणि तेथेच मरण पावतो. खरे फारिया ह्या किल्ल्यात बंदिवान होते असे काही चरित्रकारांनीही लिहिले आहे. तथापि त्यास सबळ पुरावा पुढे आलेला नाही. मात्र मार्सेलिस नगरात ते निश्चितपणे राहिले होते, तेही कैदी म्हणून नव्हे तर प्राध्यापक म्हणून.

त्यांचा जन्म 1756 सालच्या मे महिन्याच्या अखेरीस बारदेश तालुक्यातील कांदोळी गावी आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. त्या घराण्याचा मूळ पुरुष अनंत शेणवी नावाचा सारस्वत ब्राह्मण असून सोळाव्या शतकात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. कायतान यांनी तरुणपणी सेमिनरीत शिक्षण घेतले होते. ते सोडून त्यांनी रोझा मारिया द सौझा या सधन घरच्या मुलीशी विवाह केला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. पुढे दोघांनी धर्मसभेच्या अनुज्ञेने विभक्त होण्याचे ठरविले. वडिलांनी अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करून पुरोहितदीक्षा घेतली आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात संन्यासिनी झाली. मुलगा वडिलांकडे राहिला. ह्या व्यवस्थेची आध्यात्मिक बाजू ग्रंथांत वाखाणलेली आढळते; आम्हांस मात्र नेहमी त्या मुलाचा विचार मनात येतो. आई मठाच्या भिंतीआड, वडील कॅसॉकमध्ये, आणि घर असे कोठेच नाही.

1771 च्या फेब्रुवारीत बापलेक जहाजात बसून निघाले आणि नोव्हेंबरात लिस्बनला पोहोचले. जुझे तेव्हा पंधरा वर्षांचा होता. गोव्याचे दर्शन त्यास पुन्हा कधी घडले नाही. वडील मोठे खटपटी. दरबारात त्यांनी वजन संपादिले व मुलास रोम येथील प्रोपागांदाच्या विद्यालयात धाडण्याची व्यवस्था केली. तेथे त्याने ईश्वरविज्ञानाची पदवी मिळविली आणि 12 मार्च 1780 रोजी त्यास पुरोहितदीक्षा मिळाली. पवित्र आत्म्याविषयीचा एक प्रबंध त्याने पोप सहावे पायस यांस अर्पण केला, आणि पोपमहाशयांनी प्रसन्न होऊन ह्या तरुण गोमंतकीयास सिस्टाईन प्रार्थनालयात प्रवचन करण्यास सांगितले. कोठे कांदोळी आणि कोठे सिस्टाईन!

लिस्बनला परतल्यावर राणी मारिया हिच्यासमोर राजवाड्यातील चॅपेलमध्ये प्रवचनाचा प्रसंग आला. त्याविषयी गोमंतकात एक आख्यायिका घरोघर सांगतात. सरदार-दरकदारांची ती सभा पाहून तरुण पुरोहिताची जीभ टाळ्यास चिकटली. तेव्हा व्यासपीठाखाली उभ्या असलेल्या वडिलांनी हलक्या आवाजात कोंकणीत सांगितले की समोर बसलेली ही सारी मंडळी म्हणजे भाजीपाला होय, तो त्याने निर्धास्तपणे कापीत जावा. ते शब्द कानी पडताच भीती गेली आणि प्रवचन उत्तम झाले. वडिलांच्या त्या दोन शब्दांनी आपल्या अंतःकरणात एवढा पालट कसा घडविला, हा प्रश्न फारियांच्या मनात घर करून राहिला असे म्हणतात. आख्यायिका खरी असो वा नसो, पहिल्या प्रवचनाच्या वेळी प्रत्येक नव्या पुरोहिताची अवस्था कशी होते हे आम्ही अनुभवाने जाणतो. आम्हांस भाजीपाल्याचा उपाय कोणी सांगितला नाही एवढेच.

1787 साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा एक कट उघडकीस आला. कांदोळीचे पिंटो घराणे त्यात अग्रभागी असल्यामुळे त्यास पिंटोंचे बंड म्हणतात. रंगाने काळ्या असलेल्या देशी पुरोहितांस वरिष्ठ पदे नाकारली जात, हे त्यामागचे एक मोठे दुःख होते. 47 जण पकडले गेले, त्यांत 17 पुरोहित होते. पुढल्या वर्षी 15 जणांस पणजीत क्रूरपणे देहान्त शिक्षा झाली. कटातील काही पुरोहित पूर्वी लिस्बनला आले असता फारिया पितापुत्रांच्या सहवासात होते. त्यामुळे संशयाची दृष्टी त्यांच्याकडेही वळली, आणि 1788 मध्ये जुझे फारिया यांनी पॅरिसचा रस्ता धरला.

पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली. 5 ऑक्टोबर 1795 रोजी पॅरिसच्या नागरिकांनी राष्ट्रीय सभेवर चाल केली तेव्हा एका तुकडीचे नेतृत्व फारियांकडे होते. नेपोलियनच्या तोफांनी तो उठाव मोडला. पुरोहिताने तुकडी घेऊन रस्त्यावर उतरावे काय, ह्याविषयी मतभेद होतील. आमचे मत प्रतिकूल आहे.

त्या काळी पॅरिसमध्ये मेस्मेर नावाच्या वैद्याच्या विद्येची चर्चा होती. मनुष्याच्या शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो व तो रोग्यावर सोडल्याने व्याधी जातात, असे मेस्मेरचे म्हणणे होते. सरकारने नेमलेल्या विद्वानांच्या मंडळाने 1784 सालीच हे म्हणणे नाकारले होते. तरी मार्की द प्युइसेगूर या त्याच्या शिष्याने रोग्यांस एक प्रकारची कृत्रिम निद्रा आणून दाखविली. फारियांची त्यांच्याशी मैत्री जमली व ह्या निद्रेचा अभ्यास त्यांनी आरंभिला.

1811 साली त्यांची नेमणूक मार्सेलिस येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून झाली. ज्या नेपोलियनच्या तोफांसमोर ते सोळा वर्षांपूर्वी उभे होते, त्याच्याच विद्यापीठाची ही नोकरी! वय पंचावन्न, म्हणजे जवळपास आमच्या वयाचेच. त्या ग्रीक नगरात, जेथे जगातल्या सर्व रंगांची माणसे धक्क्यावर उतरत, गोव्याचा हा सावळा पुरोहित मुलांस तत्त्वज्ञान शिकवू लागला. तेथील वैद्यकीय मंडळाने त्यांस आपले सभासद करून घेतले, हा मान ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. परंतु हे स्थैर्य टिकले नाही. लवकरच त्यांची बदली नीम या गावी खालच्या जागेवर झाली, आणि 1813 साली ते नोकरी सोडून पॅरिसला परतले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्लिशी रस्त्यावरील एका सभागृहात त्यांनी दर गुरुवारी व्याख्याने व प्रयोग सुरू केले. प्रवेशास पाच फ्रँक पडत. खुर्चीवर बसलेल्या मनुष्यास ते डोळे मिटून झोपेचा विचार करण्यास सांगत आणि मग मोठ्या अधिकारवाणीने झोपण्याची आज्ञा देत. न झोपला तर पुन्हा आज्ञा देत. तरीही न झोपला तर त्यास सोडून देत. त्यांचा सिद्धान्त साधा होता. वाहणारा द्रव नाही, लोहचुंबक नाही, प्रयोग करणाऱ्याच्या अंगी कसलीही दैवी वा राक्षसी शक्ती नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या चित्तात, त्याच्या विश्वासाने व एकाग्रतेने घडते. निद्रेत दिलेली सूचना जागे झाल्यावरही अमलात येते हेही त्यांनी पाहिले. ज्यांचे रक्त पातळ तेच लवकर झोपतात, अशी एक चुकीची कल्पनाही त्यांच्या ग्रंथात आहे, ती येथे लपवीत नाही.

वाचकहो, ह्या सिद्धान्ताचे मोल आम्हांस आमच्याच गावात कळले. अंगात येणारी बाई, अंगारा देणारा देवऋषी, उतारा टाकणारा भगत यांच्याकडे आपल्यातलीही काही कुटुंबे अंधार पडल्यावर जातात, हे आम्हांस ठाऊक नाही असे कोणी समजू नये. एका मुलीचे बंद पडलेले बोलणे भगताच्या हाकेसरशी परत आले, तेव्हा तिच्या आईने ती शक्ती कोणाची असे आम्हांस विचारले होते. सैतानाची, असे उत्तर देणे सोपे होते. भगताच्या हाती काही नव्हते, ती शक्ती मुलीचीच होती, हे समजावून सांगण्यास फारिया वाचावे लागले.

पॅरिसमध्ये मात्र त्यांच्या वाट्यास उपहासच आला. धर्मपंडितांनी सैतानाचा आरोप केला. मेस्मेरचे अनुयायी द्रव नाकारला म्हणून रागावले. शातोब्रियां या नामांकित लेखकाने आठवणींत लिहिले आहे की एका मेजवानीत फारियांनी केवळ दृष्टीने कॅनरी पक्षी मारून दाखविण्याची बढाई मारली, पण पक्षीच वरचढ ठरला. ही गोष्ट खरी असेल तर तो त्यांचा अहंकार होय, आणि स्वतःच्याच शिकवणीशी विसंगतही. एका नटाने प्रयोगाच्या वेळी झोपेचे सोंग घेतले व सारेच थोतांड असल्याची आवई उठविली. 1816 च्या सप्टेंबरात त्यांच्यावर एक प्रहसन रंगभूमीवर आले. पॅरिस पोटभर हसले आणि सभागृह ओस पडले.

उरलेले दिवस त्यांनी एका लहानशा धार्मिक संस्थेचे चॅपलेन म्हणून काढले. रोज मिस्सा अर्पण करावी व उरलेल्या वेळात ग्रंथ लिहावा, असा क्रम होता. निद्रेच्या कारणांविषयीचा तो ग्रंथ चार भागांत व्हावयाचा होता. पहिलाच भाग 1819 साली छापला गेला. मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःस ब्राह्मण म्हटले असून त्याच दमात मार्सेलिसच्या वैद्यकीय मंडळाचे सभासदत्वही नोंदविले आहे. ख्रिस्ती पुरोहिताने जात मिरवावी हे आम्हांस रुचत नाही. परंतु ज्यास आयुष्यभर रंगावरून हिणविले गेले त्याने परमुलखात आपल्या कुळाचा आधार घेतला, हे समजू शकते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या 20 तारखेस झटका येऊन ते निवर्तले. मोंमार्त्रच्या स्मशानात त्यांस पुरले. त्या जागी खूण राहिली नाही.

द्युमाच्या कादंबरीने त्यांचे नाव जगभर नेले खरे, पण मनुष्य हरवून. न्याय मिळाला तो हळूहळू. नान्सी येथील लिएबो व बेर्नहाइम या वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूचनेच्या बळावर उपचार सुरू केले, तेव्हा हे मूळ फारियांचे असल्याचे मान्य झाले. गोव्याचे डॉक्टर दालगादो यांनी 1906 साली त्यांच्याविषयी चरित्रपर प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे पोर्तुगीज वैद्य एगास मोनिज यांनी 1925 मध्ये संमोहनाच्या इतिहासातील त्यांचे स्थान सांगणारे पुस्तक लिहिले.

आपल्यापैकी जे जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास जातात त्यांनी पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूस थोडे थांबावे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला फारियांचा पुतळा 1945 साली त्यांच्या मृत्यूच्या तिथीस तेथे उभारला गेला. कॅसॉक घातलेला पुरोहित दोन्ही हात पुढे करून वाकला आहे आणि समोर एक स्त्री निद्रेत मागे कलली आहे. येणारेजाणारे त्यास जादूगार समजून पुढे जातात. तेथून मांडवीच्या काठाकाठाने गेले की काही मैलांवर जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठ लागतो, जेथे त्यांची आई संन्यासिनी होती.