जॉन वूलमन याची लेखणी

अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत इ. स. १७२० सालीं क्वेकर पंथाच्या एका शेतकरी कुटुंबांत जॉन वूलमन याचा जन्म झाला. लहानपणीं त्यानें दगड मारून रॉबिन पक्ष्याची मादी मारिली. मग आईवांचून पिलें तडफडून मरतील म्हणून तींही मारिलीं. त्या कृत्याची टोंचणी त्याच्या मनास लागून राहिली.

तरुणपणीं तो एका दुकानदाराच्या चाकरीस असतां धन्यानें आपली आफ्रिकी वंशाची दासी विकली व खरेदीखत लिहिण्यास त्यास सांगितलें. धन्याची आज्ञा, आणि घेणाराही वृद्ध क्वेकर बंधु. म्हणून त्यानें तें लिहिलें. गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं, असें त्यानें दोघांसमोर बोलून दाखविलें खरें, परंतु खत तर लिहून झालें होतें. सदसद्विवेकबुद्धि आंतून हटकीत असतां हात उलट चालवावा आणि मग तोंडानें निषेध करावा, यानें तिचें समाधान होत नाहीं, हें त्यास कळून चुकलें. आमच्या उपदेशक बंधूंस हा प्रसंग विशेष समजेल. कारण गांवांत ज्यास लिहितां येतें त्याच्याकडेच लोक कागद करून घेण्यास येतात.

पुढें एका शेजाऱ्यास जबर मुका मार लागला व त्यानें वूलमन यास मृत्युपत्र लिहिण्यास सांगितलें. वूलमन यानें सर्व मजकूर लिहिला; मात्र एक तरुण दासी अमक्या मुलास द्यावी, हें कलम गाळिलें. कागद बिछान्याशीं नेऊन त्यानें सांगितलें कीं, मनुष्यास गुलाम करणारा लेख आपल्यानें लिहवत नाहीं. झालेल्या कामाचे पैसेही नकोत. दोघे गंभीरपणें बोलत बसले. शेवटीं शेजाऱ्यानें तिला मुक्त करण्याचें कबूल केलें, तेव्हां वूलमन यानें मृत्युपत्र पुरें केलें.

दुकानाचा व्याप फार वाढूं लागला म्हणून त्यानें तो सोडिला व शिवणकामावर निर्वाह केला. गुलामांच्या कष्टाची साखर त्यानें वर्ज्य केली, न रंगविलेलीं वस्त्रें घातलीं. यांत अतिरेक होता असें कोणी म्हणेल; पण ज्याचा त्याचा हिशेब देवापाशीं.

१७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेंत कित्येकांना हा प्रश्न लांबणीवर टाकावा असें वाटत होतें. वूलमन उठून विलंबाविरुद्ध बोलला. मग गुलाम बाळगणाऱ्या बंधूंच्या घरीं जाऊन त्यांची समजूत घालण्यास सभेनें माणसें नेमिलीं. त्यांत तोही होता. १७७२ सालीं तो इंग्लंडास गेला आणि ७ ऑक्टोबर रोजीं यॉर्क शहरीं देवीच्या रोगानें वारला. चार वर्षांनीं, १७७६ सालीं, त्याच सभेनें गुलाम सोडण्यास नाकबूल असणाऱ्यांस मंडळींतून काढण्याचें ठरविलें.