औषधाच्या खोलीतील अगाथाबाई

अगाथा ख्रिस्ती हे नाव ठाऊक नसलेली वाचनप्रिय भगिनी आपल्यांत विरळाच. रहस्यकथांनी त्यांना जगभर कीर्ती दिली. परंतु त्या कीर्तीचा पाया एका इस्पितळात घातला गेला, ही गोष्ट मात्र पुष्कळजणींच्या ध्यानी नसते. म्हणून त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग येथे सांगावा, असे मी योजिले आहे.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की ह्या गावी झाला. शिक्षण बहुतेक घरीच झाले. अकराव्या वर्षीच पितृछत्र हरपले. १९१४ साली महायुद्ध पेटले. त्यांचे वाग्दत्त वर आर्ची ख्रिस्ती फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, रजेच्या मोजक्या दिवसांत, दोघांचा विवाह उरकला.

टॉर्कीच्या टाऊन हॉलमध्ये रेड क्रॉसचे इस्पितळ उघडले होते. ऑक्टोबर १९१४ पासून अगाथाबाई तेथे बिनपगारी परिचारिका झाल्या. फरशा घासणे, भांडी स्वच्छ करणे, जखमा धुणे अशी कामे सुखवस्तू घरातील ह्या मुलीच्या वाट्याला आली. पहिली शस्त्रक्रिया पाहताना त्यांना घेरी येऊ लागली. पुढे त्याच हातांनी त्यांनी कापलेले अवयव भट्टीत नेऊन टाकले. युद्धकाळात त्यांनी ह्या इस्पितळात एकंदर ३,४०० तास काम केले.

१९१६ साली त्या कंपाउंडरच्या कामाकडे वळल्या. १९१७ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांना वर्षाला १६ पौंड वेतन मिळू लागले. परीक्षेच्या तयारीसाठी त्या गावातील एका औषधविक्रेत्याकडे शिकावयास जात. आत्मचरित्रात त्यांनी तेथील एक प्रसंग सांगितला आहे. औषधाच्या कांड्या तयार करताना त्या गृहस्थांचे दशांशचिन्ह एक घर चुकले. मात्रा दसपट झाली. अगाथाबाईंनी मनातल्या मनात हिशेब पुन्हा केला. चूक उघड होती; पण ते गृहस्थ शिकाऊ मुलीचे ऐकणारे नव्हते. तेव्हा बाईंनी मुद्दाम ठेचकाळल्याचे सोंग केले, फळी खाली पाडली, वर कांड्यांवर घट्ट पायही दिला आणि धांदरटपणाबद्दल क्षमा मागितली! कोणा अज्ञात रुग्णासाठी त्यांनी आपल्या माथी वेंधळेपणाचा शिक्का घेतला. त्यांच्या साऱ्या कादंबऱ्यांतील चातुर्यापेक्षा मला हे चातुर्य अधिक मोलाचे वाटते.

औषधाच्या खोलीत कधी कामाची झुंबड असे, तर कधी तासन् तास सामसूम. थोरल्या बहिणीने पूर्वी पैज घातली होती की, रहस्यकथा लिहिणे तुला साधणार नाही. भोवताली विषाच्या बाटल्या होत्याच. टॉर्कीत बेल्जियमहून आलेले निर्वासित राहात होते. त्यांच्यावरून पायरो हा बेल्जियन गुप्तहेर सुचला. पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी परत पाठविली आणि ती १९२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील विषाचे वर्णन इतके अचूक होते की, औषधशास्त्राच्या एका नियतकालिकानेही तिची वाखाणणी केली.

दुसऱ्या महायुद्धात, नाव जगभर झालेले असतानाही, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळात त्या पुन्हा औषधे तयार करू लागल्या.

१९६१ साली त्यांची ‘द पेल हॉर्स’ ही कादंबरी आली. तीत थॅलियम ह्या विषाची लक्षणे, विशेषतः केस गळणे, नेमकेपणाने वर्णिली आहेत. १२ जानेवारी १९७६ रोजी अगाथाबाई निवर्तल्या. पुढल्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात कतार देशातून एक तान्ही मुलगी आणली गेली. डॉक्टरांना रोगाचे निदान होईना. शुश्रूषेवर असलेली एक परिचारिका नेमकी हीच कादंबरी वाचीत होती. मुलीचे केस गळू लागलेले पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखविली. तपासणीत ती खरी ठरली, उपचार झाले आणि मूल सुधारले.

ह्या वेळी परिचारिकेला फळी पाडावी लागली नाही; तिचे म्हणणे ऐकले गेले. सेवेचे तास मोजता येतात, भगिनींनो. त्यांचे फळ कोणाच्या पदरात पडेल, हे मात्र सांगता येत नाही.