जातीला पत, माणसाला नाही

बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही घटनाकारांना वंदन करतो. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब मात्र भाषणातील एका वाक्यात उरकतो.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले. मुंबईत त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला. सल्लागार अस्पृश्य असल्याचे कळताच गिऱ्हाइके आटली. बाजारात पत ज्ञानाला नव्हे, जातीला असते, याचा हा रोकडा पुरावा!

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी विम्यावर सरकारची मक्तेदारी, मूलभूत उद्योगांची सरकारी मालकी आणि शेतीला सरकारी भांडवल मागितले. हे सारे घटनेतच लिहावे, म्हणजे बदलत्या बहुमताला ते मोडता येणार नाही, हा त्यांचा आग्रह होता.

तो मान्य झाला नाही. पुढे जे झाले ते साध्या कायद्याने झाले. १९५५ मध्ये स्टेट बँक आली, १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारी झाला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पण १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि सरकारला नवा करावा लागला. या बँकांमुळेच शाखा खेड्यात पोहोचल्या. १९७२ च्या योजनेत गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज आले आणि त्यात किमान ४० टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींचा ठरला.

साध्या कायद्याने आलेले साध्या कायद्याने जाते. १९९९ मध्ये विमा खासगी कंपन्यांना खुला झाला. २०१७ मधील २७ सरकारी बँका २०२० पर्यंत १२ उरल्या.

२०१४ पासून जनधनची खाती उघडली गेली. पण खाते म्हणजे पत नव्हे. कर्जाशिवाय खाते म्हणजे रिकामा डबा. आमच्या लोकांचे अर्ज शाखेने परस्पर न नाकारता वरच्या अधिकाऱ्याने कारण नोंदवून नाकारावेत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेले आहे. मग तोंडी नकार घेऊन आम्ही घरी का परततो? अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा. सरकारी बँक आहे तोवरच हा हक्क मागण्यात दम आहे. ती वाचविणे हेही चळवळीचेच काम आहे.