ब्रह्मदेशाचे सेवक अदोनीराम जडसन

घरांत मृत्यु आला, पीक बुडालें किंवा भाऊबंदांनीं वाळीत टाकलें, म्हणजे कित्येक विश्वासणाऱ्यांच्या मनांत येतें कीं, आपला विश्वास खरा असता तर आपण इतके खचलों नसतों. अशा दुःखितांसाठीं आम्ही आज अदोनीराम जडसन ह्यांचें चरित्र थोडक्यांत सांगतों.

जडसन साहेबांचा जन्म 1788 सालीं अमेरिकेंत झाला. 6 फेब्रुवारी 1812 रोजीं सेलम येथें पांच तरुणांस परदेशांतील सुवार्तेच्या सेवेसाठीं दीक्षा मिळाली. त्यांपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबईस आले आणि त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनाचा पाया घातला. जडसन मात्र पत्नी अ‍ॅनबाईंसह 1813 च्या जुलै महिन्यांत ब्रह्मदेशांत, म्हणजे हल्लींच्या म्यानमारांत, रंगून येथें उतरले. वाटेंत गलबतावरच त्यांचें पहिलें मूल मृत जन्मलें. दुसरा मुलगा आठ महिन्यांचा होऊन 1816 सालीं वारला. पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा बाप्तिस्मा होण्यास 1819 साल उजाडलें. तरी साहेबांनीं ती भाषा शिकून 1823 सालीं नव्या कराराचें भाषांतर पुरें केलें.

पुढच्याच वर्षीं इंग्रज व ब्रह्मी राजा ह्यांच्यांत युद्ध पेटलें. हेर असल्याच्या संशयावरून राजाच्या शिपायांनीं साहेबांस 8 जून 1824 रोजीं आवा शहरीं धरलें. पायांत जड बेड्या असत. रात्रीं कैद्यांच्या पायांमधून एक बांबू ओवून तो वर ओढीत. भाषांतराचें हस्तलिखित अ‍ॅनबाईंनीं प्रथम घराखालीं पुरलें. परंतु तें ओलीनें कुजेल म्हणून त्यांनीं तें एका ओबडधोबड उशींत शिवलें. तिच्यावर डोकें ठेवून साहेब तुरुंगांत निजत. पुढें कैद्यांस दुसऱ्या गांवीं नेलें, तेव्हां उशीचें आवरण कोणीं लुटलें व आंतील गुंडाळी फेंकून दिली. माऊंग इंग नांवाच्या ब्रह्मी ख्रिस्ती बंधूनें ती साहेबांची आठवण म्हणून उचलून घरीं नेली. आंत देवाचें वचन आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. कित्येक महिन्यांनीं तें जसेंच्या तसें सांपडलें.

ह्याच कैदेच्या काळांत मारिया ही कन्या जन्मली. तापानें अ‍ॅनबाईंचें दूध आटलें. तेव्हां त्यांनीं पहारेकऱ्यांस भेटी देऊन साहेबांस बाहेर येण्याची परवानगी मिळविली, आणि साहेब त्या तान्ह्या लेकरास घेऊन गांवांतील लेकुरवाळ्या बायांकडे दुधाची याचना करीत फिरले.

सुमारें सतरा महिन्यांनीं कैद संपली. परंतु 24 ऑक्टोबर 1826 रोजीं, साहेब दूर असतां, अ‍ॅनबाई वारल्या. सहा महिन्यांनीं सव्वादोन वर्षांची मारियाही गेली.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आम्ही लपवीत नाहीं. साहेबांचें मन खचलें. मौलमीनजवळच्या जंगलांत झोपडी बांधून ते एकटे राहूं लागले. त्यांनीं एक कबर खणविली व तिच्या कांठीं बसून ते मरणाचा विचार करीत. देवावरील विश्वास त्यांनीं टाकला नाहीं. पण देव जवळ असल्याची जाणीव त्यांस होईना. तरी ते सेवा सोडून मायदेशीं परतले नाहींत. हळूहळू तें मळभ सरलें. पुढें त्यांनीं रानांतील करेन लोकांत सुवार्ता सांगितली, आणि 31 जानेवारी 1834 रोजीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर पुरें केलें. 12 एप्रिल 1850 रोजीं समुद्रप्रवासांत ते निवर्तले व त्यांचा देह समुद्रांतच सोडण्यांत आला. खणविलेली कबर त्यांच्या कामीं आली नाहीं. त्यांचें शास्त्र मात्र तेथील मंडळ्यांत आजही वाचलें जातें.

बंधुभगिनींनो, रडणें हें अविश्वासाचें चिन्ह नव्हे. प्रार्थनेस शब्द सुचत नसतील, तेव्हांही हातीं दिलेलें काम सोडूं नये. रविवारीं मंडळींत जाऊन बसावें, मुलांस एखादें वचन शिकवावें. आणि शेजाऱ्याचा विश्वास दुःखानें धुळीस मिळालेला दिसला, तर माऊंग इंगप्रमाणें आपण तो उचलून, त्याचा त्याला परत मिळेपर्यंत, जपून ठेवावा. प्रभु आपणां सर्वांस असें करण्यास साहाय्य करो.