रुडॉल्फ अ‍ॅकरमन

रुडॉल्फ अ‍ॅकरमन (२० एप्रिल, इ.स. १७६४ - ३० मार्च, इ.स. १८३४) हे जर्मनीत जन्मलेले व लंडनमध्ये स्थायिक झालेले घोडागाड्यांचे आराखडाकार, चित्रमुद्रक आणि प्रकाशक होते. मोटारगाडीची पुढची चाके वळताना एकमेकांशी कोणत्या कोनात असावीत, हे सांगणारे तत्त्व ‘अ‍ॅकरमन भूमिती’ या नावाने ओळखले जाते. हा शोध मात्र त्यांचा नव्हे.

जीवन

अ‍ॅकरमन यांचा जन्म सॅक्सनीतील श्टोलबर्ग येथे एका खोगीरकाराच्या घरी झाला. वडिलांचाच व्यवसाय शिकून ते गाड्यांचे आराखडे करू लागले आणि १७८७ च्या सुमारास लंडनला आले. १७९५ मध्ये त्यांनी तेथील स्ट्रँड या रस्त्यावर चित्रमुद्रांचे दुकान काढले. ‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’ हा रंगीत चित्रांचा ग्रंथ (१८०८-१०) आणि १८०९ पासूनचे ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्‌स’ हे मासिक यांमुळे ते ख्यातनाम झाले. गाड्यांचे काम त्यांनी सोडले नव्हते. जानेवारी १८०६ मध्ये अ‍ॅडमिरल नेल्सन यांची अंत्ययात्रा ज्या गाडीतून निघाली, तिची रचना त्यांचीच होती. तिची दोन्ही टोके जहाजासारखी होती.

सुकाणूचे पेटंट

त्या काळच्या चारचाकी गाडीत पुढचा संपूर्ण आस मध्यभागी एका खिळीवर फिरत असे. तीव्र वळणावर पुढची चाके गाडीखाली आडवी होत, गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडण्याचा धोका वाढे. म्यूनिकचे गाडीकार गेऑर्ग लांकेनश्पर्गर यांनी आस स्थिर ठेवून प्रत्येक चाक आसाच्या टोकाशी स्वतंत्रपणे वळवण्याची व दोन्ही चाके दांड्याने जोडण्याची युक्ती काढली. १८१८ मध्ये त्यांचे प्रतिनिधी म्हणून अ‍ॅकरमन यांनी तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी तिच्या समर्थनार्थ पुस्तिका काढली. पेटंटावरचे नाव तत्त्वाला चिकटले व लांकेनश्पर्गर विस्मरणात गेले. त्यांच्याही आधी, १७५८-५९ च्या सुमारास, इंग्लिश वैद्य इरॅस्मस डार्विन (चार्ल्स डार्विन यांचे आजोबा) यांनी अशीच रचना केली होती. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. अ‍ॅकरमन यांना यासाठी दोष देणे योग्य नाही. इतरांचे शोध लोकांपुढे आणणे हेच त्यांचे खरे कर्तृत्व होते. म्यूनिकच्याच झेनेफेल्डर यांच्या शिळामुद्रणाचा इंग्लंडमध्ये प्रसार करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

घोडागाड्यांत ही रचना फारशी रुळली नाही. तिचे महत्त्व यंत्रचलित गाड्या आल्यावर वाढले. १८७८ च्या सुमारास फ्रेंच गाडीकार शार्ल जांतो यांनी चाकांना वळवणारे आर्म मागील आसाच्या मध्याकडे तिरपे ठेवण्याची रीत दिली. अ‍ॅकरमन तोवर हयात नव्हते. ३० मार्च १८३४ रोजी त्यांचे निधन झाले.

वाहनतपासणीतील उपयोग

वळणावर आतले चाक लहान वर्तुळावर व बाहेरचे मोठ्या वर्तुळावर फिरते, म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे. दोन्ही पुढच्या चाकांच्या अक्षरेषा मागील आसाच्या वाढवलेल्या रेषेवर एकाच बिंदूत मिळाल्या, तर मंद गतीत कोणतेही चाक घासत नाही. वेगात टायर थोडे सरकतात. त्यामुळे आजच्या गाड्यांत हे तत्त्व तंतोतंत पाळलेले नसते.

व्हील अलाइनमेंट करताना याची तपासणी अनेकदा वगळली जाते. सरळ स्थितीतील टो बरोबर असूनही सावकाश वळताना टायर किंचाळत असतील किंवा त्यांच्या कडा लवकर झिजत असतील, तर वळणातील फरक मोजावा लागतो. पुढची चाके अंशांच्या खुणा असलेल्या फिरत्या चकत्यांवर ठेवतात, आतले चाक २० अंश वळवतात आणि बाहेरच्या चाकाचा कोन वाचतात. तो सहसा एक-दोन अंशांनी कमी भरतो. मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच मोजमाप घेतात. कोन उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी जुळला नाही, किंवा डाव्या-उजव्या वळणांत तफावत आढळली, तर खड्ड्यात आपटून अथवा अपघातात स्टिअरिंग आर्म वाकला असण्याचा संशय घेतात. टाय रॉडची लांबी बदलून टो जुळवता येतो, पण वाकलेल्या आर्मचा दोष त्याने जात नाही. आर्मच बदलावा लागतो.